त्रिरश्मीच्या पायथ्याशी जगाचा धडा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या जागतिक जाणिवेचा विषय आम्ही स्वतःहून मागून घेतला. त्याला कारण पालक सभेतील एक प्रसंग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिक घडविण्याविषयी जे म्हटले आहे, ते आम्ही सभेत समजावून सांगत होतो. तेवढ्यात निफाड तालुक्यातील एक पालक उठून उभे राहिले. द्राक्षबागेत मजुरी करून त्यांनी मुलाला आपल्या वसतिगृहात ठेवले आहे. ते म्हणाले, "सर, आमच्या पोराला जगाचं काय करायचंय? त्याला आधी पोटापुरतं शिकवा." त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या रांगेतून दुसरे पालक म्हणाले, "जग दाखवायचंच असेल तर शाळा इंग्रजी माध्यमाची करा. मराठीतून कसलं जग दाखवता?" सभा हसली, आम्हीही हसलो; परंतु दोघांनाही देण्याजोगे नीट उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. सभेत राहून गेलेले ते उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

दरवर्षी आठवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्रिरश्मी बुद्ध लेणीवर जातो. लेणी शहराच्या अगदी जवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. तरीही आपल्या कित्येक विद्यार्थ्यांनी शाळेत येईपर्यंत ती पाहिलेली नसते. लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी' हे नाव रुळले असले तरी तेथील शिलालेखांना पांडव ठाऊक नाहीत. डोंगराचे नाव त्यांत 'तिरण्हु' आणि 'त्रिरश्मी' असे येते. सतराव्या क्रमांकाच्या लेणीत ब्राह्मी लिपीतील एक प्राकृत लेख आहे. उत्तरेकडील दात्तामित्री नगरच्या, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने, म्हणजे यवनाने, ही लेणी आपल्या आईवडिलांसाठी कोरविली आणि आपला पुत्र धम्मरक्खित याच्यासह ती चातुद्दिस भिक्खुसंघाला अर्पण केली, असा त्याचा आशय आहे. चातुद्दिस म्हणजे चारही दिशांचा. या डोंगरातील विहार एका गावाच्या, एका राजाच्या किंवा एका कुळाच्या भिक्खूंसाठी नव्हता. ज्या दिशेने भिक्खू येईल त्या दिशेच्या भिक्खूसाठी होता.

दहाव्या लेणीत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो शक होता. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली, दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवली. पहिल्या ठेवीच्या व्याजातून त्याच्या लेणीत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी मिळावीत अशी व्यवस्था होती. हे गणित आम्ही मुलांना लेणीच्या ओट्यावर बसूनच सोडवावयास लावतो. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. हिशेब जुळला की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. त्याच लेणीत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने, एका उपासिकेने, येथील आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवल्याचे त्यात नोंदले आहे.

एका वर्षी यवनाचा लेख समजावून झाल्यावर एका मुलाने विचारले, "सर, मग तो परत गेला का?" शिलालेखात याचे उत्तर नाही, आणि आमच्यापाशीही नव्हते. पण त्या प्रश्नामुळे पुढचे चार तास सोपारा आणि भडोच ही बंदरे, नाणेघाट, पैठण आणि तेर यांत गेले. पैठण व तेर या आपल्या गावांची नावे एका ग्रीक प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, आलेली आहेत हे कळल्यावर मराठवाड्यातून आलेल्या दोन मुलांना कोण आनंद झाला! जग आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून येत आहे. नाशिकच्या मुलाला जग दाखवावयाचे तर आधी त्याला त्याच्या पायाखालची जमीन दाखवावी लागते, हे आम्हांला त्या सहलीने शिकविले. २०२३ साली श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधीवृक्षाची फांदी याच लेणीच्या पायथ्याशी लावण्यात आली. ते रोप पाहताना आपल्या विद्यार्थ्यांनी केवळ वंदन करून परतू नये, ते कोणत्या मार्गाने कोठून कोठे गेले आणि कोठून परत आले, हेही नकाशावर दाखवावे, अशी आमची अपेक्षा असते.

आता 'पोटापुरते शिकवा' म्हणणाऱ्या पालकांकडे वळू. त्यांची चिंता खरी आहे आणि तिचा उपहास करण्याचा अधिकार आम्हा पगारदारांना नाही. परंतु त्यांच्या पोटाचा प्रश्न निफाडमध्ये सुटतो काय, हे पाहिले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे युरोपात जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्याने तेथे भारतीय द्राक्षे अडली आणि येथील बागाईतदार हवालदिल झाले; बागाईतदार अडचणीत आला की मजुराची हजेरी बुडते, हे सांगावयास नको. लासलगावचा कांदा बांगलादेशात, मलेशियात, श्रीलंकेत आणि आखाती देशांत जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि ती बंदी मे २०२४ पर्यंत राहिली. त्या महिन्यांत आपल्या वसतिगृहातील किती मुलांच्या घरून येणारे पैसे थांबले, हे अधीक्षकांना विचारावे. कांदा भरणारी आई आणि ढाक्याच्या बाजारात कांदा विकत घेणारी आई यांच्यामध्ये कोणकोण उभे आहे, हे ज्या मुलाला समजत नाही त्याला पोटापुरतेही शिक्षण मिळाले नाही, असे आम्ही म्हणू.

याच विषयावर नववीच्या वर्गात झालेली चर्चा आम्ही विसरू शकत नाही. द्राक्षांवरील रसायनांच्या अंशांची मर्यादा युरोपात कशी ठरते, निर्यातीपूर्वी येथील प्रयोगशाळेत नमुने कसे तपासले जातात, हे आम्ही सांगत होतो. एक मुलगी उठली. तिचे वडील बागांवर औषध फवारण्याच्या कामाला जातात. तिने विचारले, "खाणाऱ्यासाठी एवढं मोजतात, तर फवारणाऱ्यासाठी कोण मोजतं?" वर्ग शांत झाला. आम्ही तिला त्या दिवशी एवढेच सांगितले की, हा प्रश्न तू वहीत लिहून ठेव, कारण जगात आणखी कोणकोणत्या बागांत तो विचारला गेला आहे ते आपण शोधणार आहोत. पुढे कॅलिफोर्नियातील द्राक्षमजुरांचा लढा आम्ही वर्गात शिकविला. १९६५ मध्ये डेलानो येथे फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी संप पुकारला, सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांच्या नेतृत्वाखाली तो पाच वर्षे चालला, देशभरच्या ग्राहकांनी त्या द्राक्षांवर बहिष्कार घातला आणि अखेर १९७० मध्ये बागमालकांना करार करावे लागले. कीटकनाशकांपासून मजुरांचे संरक्षण हीदेखील त्या लढ्यातील एक मागणी होती. आपल्या घरातील दुःख सातासमुद्रापलीकडे कोणीतरी भोगले आणि त्याविरुद्ध संघटित होऊन उभे राहिले, हे कळल्यानंतर त्या मुलीचा वर्गातील आवाजच बदलला. आमच्या मते जागतिक जाणीव तिच्या त्या प्रश्नापासून सुरू झाली.

ही रीत आम्ही शोधून काढलेली नाही. ती आपल्या परंपरेतच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतील त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला होता. पुण्यात बसून, मराठीत लिहिणाऱ्या या माणसाला अटलांटिकपलीकडचा लढा आपला वाटला. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारख्या गुरूंजवळ ते शिकले. पण मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी निबंध वाचला तो भारतातील जातींविषयी. ते जगात गेले आपला प्रश्न घेऊन, आणि परतले तो प्रश्न जगाच्या भाषेत मांडण्याचे सामर्थ्य घेऊन. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या, बहुतांशी निरक्षर, बांधवांसमोर भाषण करताना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेचे उदाहरण दिले. आपल्या माणसांना हे समजणार नाही, असे त्यांना वाटले नाही. जुलै १९४६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. आपल्यालाही तसाच विचार करता येईल काय, हे त्यांना पाहावयाचे होते.

आणि आपले नाशिक? २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे अनेक वर्षे चिकाटीने चालविला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या हक्कांसाठी बोलत होते. पंचवटीचे दार आणि लंडनचे सभागृह यांत आठ महिन्यांचे अंतर होते. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा झाली आणि तिची चर्चा देशाबाहेरही पोहोचली. ज्या जिल्ह्याच्या मातीतून ही वाट गेली, तेथील मुलांनी 'जगाचे आम्हांला काय' असे म्हणावे, यात मुलांचा दोष नाही. तो आम्हा शिक्षकांचा आहे. आपण बाबासाहेबांच्या परदेशी पदव्या जयंतीच्या व्यासपीठावरून मोजून दाखवितो, टाळ्या घेतो. पण त्या पदव्यांमागील जगाचे वाचन मुलांच्या हाती देत नाही. पदव्यांची यादी पाठ असलेला मुलगा न्यूयॉर्क नकाशावर दाखवू शकत नाही, असा अनुभव आम्हांला एकदा नव्हे, अनेकदा आला आहे.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेत 'विश्वदर्शन' नावाचा कार्यक्रम झाला. मुलांनी देशोदेशीचे पोशाख केले, कागदी झेंडे फडकविले, छायाचित्रे निघाली. त्या कार्यक्रमाच्या आयोजनात आम्हीही होतो. दुसऱ्या दिवशी जपानचा पोशाख केलेल्या मुलाने विचारले, "सर, जपान बौद्ध देश आहे ना? मग तिथे जात नसेल." आम्ही घाईत 'नाही' म्हणून मोकळे झालो. ते उत्तर चूक होते. जपानमध्ये बुराकुमिन नावाचा समाज आहे. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथी मारली गेली आणि त्यावरून त्यांना अपवित्र मानले गेले. काही बौद्ध मंदिरांनीसुद्धा त्यांच्या मृतांना हीनतादर्शक धर्मनावे दिली होती. या अपराधाची कबुली पुढे तेथील पंथांना द्यावी लागली. या समाजाने ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे 'सुईहेईशा' ही आपली संघटना स्थापन केली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापूर्वी पाच वर्षांची ही घटना आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात उभे राहून आपली चूक दुरुस्त केली. मुलांना वाईट वाटेल अशी भीती होती. झाले उलटेच. बुराकुमिनांविषयी आणखी सांगा, म्हणून मुले मागे लागली.

हाच न्याय आपल्याला अवघड वाटणाऱ्या प्रश्नांनाही लावावा लागेल. ज्या ब्रह्मदेशात १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, त्या म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यांत चीवरधारीही होते. वर्गात हा विषय काढावा की नाही, यावर आमच्या शिक्षकखोलीत मतभेद झाले. आपला धम्म बदनाम होईल, असे काही सहकाऱ्यांना वाटले; त्यांची तळमळ आम्ही समजू शकतो. आमचे मत वेगळे आहे. बुद्धाने आपले वचनसुद्धा तपासून घ्यावयास सांगितले, असे आपण रोज मुलांना शिकवितो. मग बौद्ध म्हणविणाऱ्यांच्या वर्तनाची तपासणी करताना आपण का कचरावे? जगात फक्त आपल्या दुःखाचे प्रतिबिंब शोधणारी जाणीव अर्धी आहे. दुसऱ्याच्या दुःखात आपल्या माणसांचा हात असू शकतो, हे पाहण्याचे धैर्य आले की ती पूर्ण होते. आमच्या मुलांना जातीविरुद्ध बोलावयाचे असेल तर हे धैर्य त्यांच्यापाशी आधी असले पाहिजे. एरवी त्यांचे बोलणे केवळ गाऱ्हाणे ठरेल.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ च्या पिसा परीक्षेत विद्यार्थ्यांची 'जागतिक सक्षमता' मोजण्याचा प्रयत्न केला. भारत त्या परीक्षेत नव्हता. तीत सक्षमतेची चार अंगे मानली होती: गावच्या आणि जगाच्या प्रश्नांची छाननी करणे, दुसऱ्याची दृष्टी समजून घेणे, भिन्न संस्कृतींतील माणसांशी मोकळेपणाने संवाद साधणे, आणि सर्वांच्या हितासाठी कृती करणे. ही चार अंगे वाचून आम्हांला फारसे नवे काही वाटले नाही. फवारणाऱ्या बापाविषयीच्या प्रश्नात पहिले अंग आहे, बुराकुमिनांच्या धड्यात दुसरे. उणीव आहे ती तिसऱ्या आणि चौथ्या अंगाची. आपले विद्यार्थी अपरिचित माणसासमोर बोलत नाहीत. ज्ञान असते, शब्दही असतात. पण आपण बोललेले कोणी ऐकून घेईल, हा विश्वास नसतो. वसतिगृहाची भिंत जितकी संरक्षण देते, तितकीच ती मुलांना एकाच प्रकारच्या माणसांत ठेवते, हेही मान्य केले पाहिजे.

आता माध्यमाचा प्रश्न. इंग्रजी आलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ती उत्तम आली पाहिजे आणि तिच्यासाठी आपल्या शाळेत आज दिले जातात त्याहून अधिक तास द्यावेत, असेच आम्ही म्हणू. परंतु इंग्रजी माध्यमाच्या कित्येक शाळांतील मुलांना आम्ही पाहिले आहे. ती इंग्रजी बोलतात, मात्र लासलगावच्या कांद्याचे आणि ढाक्याचे नाते त्यांनाही ठाऊक नसते. फुल्यांनी आपले जग मराठीत मांडले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील रणजितसिंह डिसले या शिक्षकांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणे, देशोदेशीच्या वर्गांशी आपला वर्ग जोडणे, हे त्यांचे काम एका खेड्यातील मराठी शाळेत उभे राहिले. दहा लाख डॉलरच्या पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. आमच्या वर्गातील मुलांना पारितोषिकाच्या रकमेपेक्षा ही वाटणीच अधिक काळ आठवते.

आम्ही येथवर जे लिहिले ते उपदेशासारखे वाटू नये म्हणून आमची स्वतःची एक चूक सांगतो. आपल्या शाळेतून दहावी झालेला, पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटावयास आला. ब्रिटनमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र त्याच्या हाती होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींचे अर्ज त्याला करावयाचे होते. पण पारपत्र काढलेले नव्हते, वैधता प्रमाणपत्रात वडिलांच्या नावातील एका अक्षराचा फरक होता, उत्पन्नाचा दाखला जुना झाला होता. तो फरक दहावीच्या दाखल्यापासून चालत आला होता. तो दाखला आम्ही तयार केला होता. मुदत निघून गेली. त्याने आम्हांला दोष दिला नाही. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे आणि दर बुद्धपौर्णिमेला फोन करतो. परंतु पुढच्या वर्षी केंद्राच्या शिष्यवृत्तीचे नियम बदलले. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवरील संशोधनासाठी ती मिळेनाशी झाली. त्या मुलाला महाराष्ट्रातील दलित चळवळीच्या इतिहासावरच संशोधन करावयाचे होते. बाबासाहेबांनी कोलंबियात वाचलेला जातीविषयीचा निबंध ज्या विषयात मोडतो, तोच हा विषय. एका अक्षरामुळे काय गेले, हे आम्हांला तेव्हा कळले.

तिकडे जग मात्र आपल्या प्रश्नाकडे वळते आहे. २००१ मध्ये डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातिभेदाचा प्रश्न दलित कार्यकर्त्यांनी मांडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली; कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर मात्र त्याच वर्षी तेथील गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. दोन्ही बाजूंनी तेथे बोलणारे कोण होते, त्यांचे युक्तिवाद काय होते, हे वाचून त्यावर मत देऊ शकेल असा विद्यार्थी आपल्याला घडवावयाचा आहे. आपल्याविषयी जगात होणाऱ्या चर्चेत आपणच गैरहजर राहणे, हे आता परवडणारे नाही.

म्हणून विद्यालयापुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे आमच्या चार सूचना आहेत. पहिली, आठवीपासून पुढे आठवड्यातून एक तास असा असावा, ज्यात जिल्ह्यातील एक बातमी घेऊन तिचे जगाशी असलेले नाते मुलांनी स्वतः शोधावे. जेवणघराच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावून तो धागा त्यावर दाखवावा. दुसरी, आखाती देशांत, युरोपात, अमेरिकेत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा पडद्यावरून वर्गाशी मराठीतच बोलावे, आणि तेथील वैभवाबरोबर तेथील मजुरांचे जिणे, तेथील भेदभाव, स्वतःला आलेल्या अडचणी, हेही सांगावे. तिसरी, वसतिगृहाबाहेरच्या मुलांशी आपल्या मुलांचा संबंध वाढवावा. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी आश्रमशाळा आणि जुन्या नाशकातील उर्दू शाळा येथूनच त्याचा आरंभ व्हावा. शेजारच्या मुलाशी न बोललेला विद्यार्थी पॅरिसमधील मुलाशी काय बोलणार? चौथी, नववीतच प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रे तपासून नावातील, जन्मतारखेतील चुका दुरुस्त कराव्यात, आणि शिष्यवृत्तींची माहिती देणारा एक कक्ष शाळेत कायमचा असावा. त्याची जबाबदारी निवृत्तीनंतरही घेण्याची आमची तयारी आहे.

निफाडच्या त्या पालकांना आम्ही अखेर काय सांगणार? एवढेच की, भाऊ, तुमच्या मुलाला पोटापुरतेच शिकवू. पण तुमचे पोट ज्या बाजारावर अवलंबून आहे तो बाजार युरोपपर्यंत पसरला आहे, तेव्हा शिकवणेही तिथपर्यंत न्यावे लागेल. पुढील सहलीला त्यांनीही आमच्याबरोबर त्रिरश्मीवर यावे, असे निमंत्रण आम्ही त्यांना दिले आहे. सतराव्या लेणीतील यवनाचा लेख त्यांच्या मुलाने त्यांना वाचून दाखवावा, अशी योजना आहे. सुटीच्या दिवशी मजुरी बुडते, म्हणून त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.

जय भीम.